तुम्ही विचारलंत म्हणून: मी फ्रँक स्पेन्सर अजून का बघते

दर वेळी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मंडळातली माझ्या वयाची माणसं म्हणतात, अगं इतकी वर्षं इंग्लंडात काढलीस, बघायचंच तर 'येस मिनिस्टर'सारखी राजकारणावरची विनोदी सिरीयल बघ, त्या जुन्या विनोदी सिरीयलमधल्या बेरे टोपीवाल्या फ्रँक स्पेन्सरची पडझड काय बघत बसतेस. आणि तरुण पोरं, त्यात माझी भाचीसुद्धा आली, ती विचारतात की ज्याला एक नोकरी धड टिकवता येत नाही अशा साध्याभोळ्या माणसाला हसणं तुला क्रूर नाही वाटत का. पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटत नाही, ज्याची त्याची आवड. दुसऱ्याचा मात्र त्रास होतो, कारण तेरा-चौदा वर्षांची असताना हाच प्रश्न मी घरात ओरडून विचारला होता.

आधी सिरीयलबद्दल. 'सम मदर्स डू ॲव्ह एम' बीबीसीवर आली 1973 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता, आणि 1974 उजाडलं तेव्हा वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवायची वेळ आली. अशा काळात पुन्हा पुन्हा नवं काम शोधायला निघणारा, गळ्यापर्यंत बटणं लावून नीटनेटका जाणारा माणूस म्हणजे काही परग्रहावरचा प्राणी नव्हता. रेमंड ॲलननं तो लिहिला आणि मायकल क्रॉफर्डनं उभा केला, रोलर स्केट्सवरून चालत्या ट्रकच्या खालून जाणं असो की कड्याच्या टोकावर अडकलेल्या मॉरिस मायनर गाडीला लोंबकळणं असो, ते सगळं त्यानं स्वतः केलं. ज्याला तुम्ही वेंधळेपणा म्हणता तो करायला अंगावर केवढा ताबा लागतो याचा जरा विचार करा. आणि त्या सिरीयलमध्ये शेवटी डोकं कोणाचं फिरतं? साहेबांचं, डॉक्टरांचं, टेबलामागं बसणाऱ्यांचं. फ्रँक सगळ्यांशी अदबीनंच बोलत असतो.

आता बाबांचं.

बाबा मिरज जंक्शनला तारमास्तर होते. इकडे इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समध्ये येऊन एका कारखान्यात मशीनवर लागले, कारण मोर्सचं, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीचं ज्ञान इथं कोणाला नको होतं. चष्मा जाड, थंडीतून आत शिरलं की काचांवर वाफ धरायची, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या हातून बोल्टांनी भरलेली रॅक आडवी झाली, मग एकदा ट्रॉली भिंतीवर गेली, आणि टीव्हीवर तेव्हा फ्रँक गाजत होताच. झालं, बाबांचं नाव फ्रँक पडलं. खरं नाव अवघड म्हणून आधीच कोणी घेत नव्हतं, त्यामुळे पगाराचं पाकीट सोडलं तर ते सगळीकडे फ्रँकच राहिले.

बाबा वेंधळे नव्हते, हे मला पहिल्यांदा सांगायचंय. कडकट्ट कडकट्ट करत मिनिटाला किती शब्द जायचे त्यांच्या बोटांतून! घरातला बिघडलेला रेडिओ ते चिमट्यानं उघडून दुरुस्त करायचे.

1978 च्या हिवाळ्यात सिरीयलचे शेवटचे भाग शनिवारी लागायचे. सुरुवातीची ती बासरीसारखी धून आहे ना, दोन पिकोलोंची, ती संगीतकार रॉनी हेझलहर्स्टनं मोर्सवर बेतलेली आहे, त्यात सिरीयलचं नावच वाजतं. हे मला कोणत्या पुस्तकातून कळलेलं नाही, बाबांनी सोफ्याच्या हातावर बोटानं वाजवून एकेक अक्षर दाखवलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी नंतर क्वचित बघितला. सगळ्या इंग्लंडला जी नुसती धून वाटत होती ती ते वाचत होते.

त्याच डिसेंबरात कारखान्याच्या कँटीनमध्ये नाताळचा कार्यक्रम होता, घरच्यांना घेऊन. आईनं इरकल नेसली होती. जेवणं झाल्यावर कोणीतरी एक बेरे टोपी काढली आणि मागून येऊन बाबांच्या डोक्यावर ठेवली, आणि टेबलं वाजायला लागली, कमॉन फ्रँक, कमॉन फ्रँक. बाबांनी बोट ओठाशी नेलं आणि फ्रँक बायकोला, बेटीला, म्हणतो ते "ऊऽऽ बेटी" म्हणून दाखवलं. हुबेहूब. लोक अक्षरशः कोसळले. मग बाबांना वाटलं असावं की आता सगळ्यांचं लक्ष आहेच, तर सांगावं. त्यांनी चमचा उचलला, "धिस म्युझिक, यू नो, इट इज मोर्स," म्हणाले आणि टेबलावर वाजवायला लागले, एस, ओ, एम, ई. अगदी शांतपणे, तोंडानं अक्षर सांगत. आणि लोकांना तोही फ्रँकच वाटला. जितकं ते समजावत होते तितका हशा वाढत होता. कोणीतरी दुसरा चमचा आणून त्यांच्याबरोबर वेडंवाकडं बडवायला लागलं. बाबा एम पर्यंत आले होते, दुसऱ्या शब्दाच्या. तिथं थांबले. चमचा ठेवला, टोपी काढून घडी घातली आणि ज्याची होती त्याला नेऊन दिली, थँक्यू म्हणून.

आई पूर्ण वेळ ताटाकडे बघत होती.

बसमध्ये कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मी ओरडले, की ती सिरीयल बंद करा, ते लोक आपल्याला हसतात आणि तुम्ही त्यांना हसायला शिकवता. बाबा म्हणाले, "ते फ्रँकला हसले गं, मला ओळखतात कुठं." हे त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी म्हटलं की खरंच तसं वाटत होतं, मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. नाताळच्या रात्री शेवटचा भाग लागला तेव्हा त्यांनी तो बघितला, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. आई स्वयंपाकघरात गेली आणि पुढं आयुष्यभर, पुनःप्रक्षेपण लागलं की ती उठून जायची.

म्हणून मला त्या पोरीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, अजून भांडावं लागतं. तिला मी सांगते की टोपी कारखान्यातल्या माणसानं आणली होती, रेमंड ॲलननं नाही. ती म्हणते, सिरीयल नसती तर टोपी आली असती का? मी म्हणते, दुसरं काहीतरी आलं असतं, त्या काळात आपल्या लोकांना काय काय म्हणत होते ते आठव, त्यापेक्षा फ्रँक परवडला. ती म्हणते, परवडला कोणाला, आईला? इथं माझ्याकडे उत्तर नसतं.

पण मी बघते, आणि बघत राहणार. मिशेल डॉट्रिसनं केलेली बेटी बघा. नवऱ्यानं घर पाडलं तरी ती त्याच्याकडे बघणाऱ्यांच्या बाजूला एकदाही जाऊन उभी राहत नाही. चिडते, रडकुंडीला येते, पण चारचौघांत त्याची बाजू सोडत नाही. बाबांना फ्रँक आवडायचा की फ्रँकला बेटी आहे हे आवडायचं, मला माहीत नाही. हे आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण ती त्या दिवशी ताटाकडे का बघत होती, लाज वाटून की रडू आवरायला, तेही मी विचारलेलं नाही. भाचीला मात्र मी सांगितलंय, की क्रूर आहे म्हणायचं तर खुशाल म्हण, पण आधी बेटीचे सगळे सीन बसून बघ आणि मग माझ्याशी भांडायला ये. अजून आलेली नाही.