धूर कमी केला तरी ओझोन का वाढतो?

जमिनीलगतचा ओझोन कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो हवेतच बनतो. त्यामुळे धूर निम्मा केला की ओझोनही निम्मा, हा हिशेब साफ चुकतो.

सुरुवात नायट्रोजन डायऑक्साइडपासून. साधारण 420 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश त्यातला एक ऑक्सिजन अणू तोडतो. हा सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूला जोडला गेला की ओझोन तयार. पण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड होतो. भर उन्हात हे चक्र काही मिनिटांत पुरं होतं आणि शिल्लक शून्य. वाहत्या रस्त्यालगत ओझोन कमी भरतो तो याचमुळे, कारण ताज्या धुरात नायट्रिक ऑक्साइडच जास्त. हवा चांगली असल्याचा तो पुरावा नव्हे.

शिल्लक पडते ती सेंद्रिय बाष्पांमुळे: पेट्रोलची वाफ, रंगांमधली द्रावकं, झाडांचं आयसोप्रीन. हायड्रॉक्सिल मूलक (हवेतला OH हा अत्यंत क्रियाशील तुकडा) त्यांच्यावर तुटून पडतं, त्यातून पेरॉक्सी मूलकं (तशीच क्रियाशील, जास्तीचा ऑक्सिजन घेतलेली) बनतात. ती नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड करतात, तेही ओझोन न खर्चता. हायड्रॉक्सिल परत मिळतं, फेरा चालू राहतो.

खरी मेख पुढे आहे. नायट्रोजन डायऑक्साइडही हायड्रॉक्सिलला पकडतो. दोघांचं नायट्रिक आम्ल होतं आणि दोघेही खेळातून बाद. बाष्पं (कार्बन अणूंच्या हिशेबाने) आणि नायट्रोजन ऑक्साइडं (नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड मिळून) यांचं गुणोत्तर 8 च्या बरंच खाली असेल, तर नुसती नायट्रोजन ऑक्साइडं घटवल्यावर हायड्रॉक्सिल मोकळं होतं, ओझोन खाणाराही कमी होतो, आणि ओझोन चढतो. ट्रक कमी असलेल्या सुट्टीच्या दिवशी अनेक शहरांत हेच दिसतं. गुणोत्तर बरंच वर असेल, तर मात्र नायट्रोजन ऑक्साइडंच घटवावी लागतात. 8 हा अर्थात ढोबळ आकडा. बाष्प कोणतं यावर बरंच ठरतं. आयसोप्रीन हायड्रॉक्सिलशी प्रोपेनच्या जवळपास शंभरपट वेगाने भिडतं.

हवेतल्या सूक्ष्म कणांचा धागाही इथूनच निघतो. नायट्रिक आम्ल अमोनियाशी जुळून अमोनियम नायट्रेटचे कण होतात, पण अमोनिया आधी सल्फ्युरिक आम्लाकडे जातो. म्हणून सल्फर डायऑक्साइड घटवला की उरलेला अमोनिया नायट्रेटच्या वाट्याला येतो आणि फायद्याचा काही भाग तिथेच जिरतो. थंड, दमट हवेत हे कण टिकतात; ऊन तापलं की पुन्हा वायू. सेंद्रिय बाष्पांचं वेगळं: प्रत्येक ऑक्सिडीकरणात त्यांची उडून जाण्याची क्षमता सहसा घटते, शेवटी ती कणांवर बसतात. पाइनसारख्या झाडांचं अल्फा-पायनिन तर रात्रीही ओझोनच्या जोरावर कण बनवतं.

मोजताना फसगत होते ती दोन ठिकाणी. कण गोळा करणाऱ्या टेफ्लॉनच्या फिल्टरवरचं नायट्रेट उकाड्यात उडून जातं, वजन कमी भरतं. म्हणून पुढे नायट्रिक आम्ल शोषणारा डिन्यूडर आणि मागे नायलॉनचा फिल्टर लावतात. दुसरी जास्त त्रासाची. नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रात आधी त्याचं नायट्रिक ऑक्साइड करणारा कन्व्हर्टर असतो. मॉलिब्डेनमचा तापवलेला कन्व्हर्टर पेरॉक्सीअसिटिल नायट्रेट (याच अभिक्रियांतून बनणारं नायट्रोजनचं संयुग) आणि थोडं नायट्रिक आम्लसुद्धा नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजतो. दुपारी ही भेसळ सर्वांत जास्त, त्यामुळे वरचं गुणोत्तर खोटं खाली येतं. धोरण त्या आकड्यावर ठरणार असेल, तर 395 नॅनोमीटरच्या आसपासच्या एलईडीवर चालणारा, उष्णतेऐवजी प्रकाशाने रेणू तोडणारा प्रकाशीय कन्व्हर्टरच बसवावा.