वेर्पाकोव्स्किसच्या गावाला: रीगा ते लिएपाया

लाट्व्हियाची राजधानी रीगा इथून लिएपायाला जाणारी बस साधारण साडेतीन तास घेते. सगळा रस्ता सपाट. बर्च आणि पाइनची रानं, मध्येच मोकळी शेतं, आणि ग्रोबिन्या आलं की पवनचक्क्या दिसायला लागतात. तिथून लिएपाया हाकेच्या अंतरावर. बाल्टिक समुद्रावरचं हे लाट्व्हियाचं तिसरं मोठं शहर. लोक इथे पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी येतात, होली ट्रिनिटी चर्चमधला सात हजारांहून जास्त नळ्यांचा ऑर्गन ऐकायला येतात. मी आलो होतो फुटबॉलपटू मारिस वेर्पाकोव्स्किस जिथे घडला ते मैदान बघायला.

नाव विसरला असाल, तर 2004 ची युरो, म्हणजे युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा आठवा. लाट्व्हिया पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरला होता. पोर्तुगालमधल्या आवेइरोमध्ये 15 जूनला चेक प्रजासत्ताकाशी सामना होता. समोर नेदव्हेद, रोसित्स्की, कोलर, आणि गोलमध्ये पेत्र चेख. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, घरात जेवणं चालली होती आणि मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. मध्यंतराच्या तोंडावर आंद्रेय्स प्रोहोरेन्कोव्स डावीकडून धावत सुटला, त्यानं चेंडू गोलसमोर आडवा दिला आणि वेर्पाकोव्स्किसनं तो जाळ्यात ढकलला. पुढे चेक संघानं दोन गोल करून सामना जिंकला. पण त्या रात्रीपासून हा माणूस माझा झाला, तो कायमचाच.

युरोपर्यंत पोचण्याची कहाणी तर आणखी मोठी. ती समजून घ्यायला मी आदल्या दिवशी रीगाचं स्कोंतो स्टेडियम गाठलं. स्वीडनच्या घरात, सोल्नामध्ये, ऑक्टोबर 2003 मध्ये लाट्व्हिया 1–0 जिंकला होता, गोल वेर्पाकोव्स्किसचा. त्या विजयानं प्ले-ऑफ, म्हणजे युरोत जागा ठरवणारी दोन सामन्यांची लढत मिळाली आणि समोर आला तुर्कस्तान, 2002 च्या विश्वचषकातला तिसऱ्या क्रमांकाचा संघ. तेव्हाच्या लाट्व्हियाची अख्खी लोकसंख्या साधारण 23 लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. 15 नोव्हेंबरला स्कोंतोवर लाट्व्हियानं 1–0 अशी आघाडी घेतली, गोल पुन्हा त्याचाच. चार दिवसांनी इस्तंबूलला तुर्कस्ताननं 2–0 केलं आणि सगळं संपल्यासारखं वाटलं. मग युरिस लायझान्सची फ्री किक आत गेली, आणि थोड्याच वेळात वेर्पाकोव्स्किस मोकळा सुटून धावला: 2–2. प्रशिक्षक अलेक्सांद्रस स्टार्कोव्स यांचा संघ पोर्तुगालला निघाला. युरोच्या मुख्य फेरीत पोचलेला बाल्टिक देशांमधला तो आजवरचा एकमेव संघ.

या स्टेडियमचा, ओळीनं 14 वेळा लाट्व्हियाची लीग जिंकणारा स्कोंतो क्लब 2016 मध्ये बंद पडला. कुंपणापाशी उभं राहून मैदान बघताना त्या क्लबची आठवण छातीत रुतली. वेर्पाकोव्स्किस इथूनच 2004 च्या सुरुवातीला युक्रेनच्या डायनामो कीव्ह क्लबला गेला.

लिएपायात उतरल्यावर मी आधी ट्राम धरली. 1899 पासून ही ट्राम चालते आहे. पुढे उत्तरेला कारोस्ता लागतं, रशियाच्या झारनं उभारलेलं नौदलाचं बंदर. सोव्हिएत काळात सामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. समुद्रात कोसळत चाललेले काँक्रीटचे किल्ले बघताना सारखं मनात येत होतं: वेर्पाकोव्स्किसचा जन्म 1979 चा. लष्करी पहाऱ्यातल्या या शहरात त्याचं बालपण गेलं, आणि रशियन सैन्य 1994 मध्ये देश सोडून गेलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. देश आणि मुलगा दोघंही एकदमच मोठे झाले.

डाउगावा स्टेडियम समुद्राकाठच्या उद्यानात आहे. आजूबाजूला जुनी झाडं, पलीकडे वाळूच्या टेकड्या, आणि वारा. वारा जन्मतो ते गाव अशीच लिएपायाची ओळख आहे. बाजूच्या पट्ट्यात पोरांचा सराव चालला होता. एक दहाएक वर्षांचा मुलगा फ्री किकसाठी चेंडू ठेवायचा, चार पावलं मागे यायचा, आणि तेवढ्यात चेंडू हलून घरंगळायचा. त्यानं बुटाच्या टाचेनं गवतात खळगा केला, चेंडू दाबून बसवला आणि मग ठोकला, जमिनीलगत. उंच मारलेला चेंडू वारा कुठेही नेतो, हे तिथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. वेर्पाकोव्स्किसचा खेळही जमिनीवरचाच: बचावफळीच्या मागे पळायचं आणि मोकळ्या जागेत चेंडू गाठायचा.

कीव्हमध्ये त्यानं चॅम्पियन्स लीगमध्ये रिआल माद्रिदवर गोल केला. तो सामना 2–2 सुटला. त्यानंतर मात्र भटकंतीच जास्त. हेताफे, हाय्दुक स्प्लिट, सेल्ता व्हिगो, क्रीट बेटावरचा एर्गोतेलिस, अझरबैजानमध्ये बाकू. बरेच जण या वर्षांना उतरती कळा म्हणतात. मला ते पटत नाही. क्लब बदलत राहिले तरी लाट्व्हियाचा शर्ट घातला की तो गोल करतच होता. 104 सामने आणि 29 गोल. देशासाठी याहून जास्त गोल कुणाचेच नाहीत.

इकडे गावात 2013 मध्ये पोलादाचा कारखाना बुडाला आणि त्याच्याच पैशांवर चालणारा लिएपायास मेटालुर्ग्स हा क्लबही गेला. वेर्पाकोव्स्किसनं कारकिर्दीची सुरुवात याच क्लबातून केली होती. 2014 मध्ये एफके लिएपाया हा नवा क्लब उभा राहिला, तेव्हा पस्तिशीला टेकलेला हा माणूस परत आला, तिथेच शेवटचा हंगाम खेळला आणि पुढे क्लबचा अध्यक्ष झाला. क्लबनं दुसऱ्याच हंगामात, 2015 मध्ये, लीग जिंकली. माझ्या लेखी हे मोल आवेइरोच्या गोलाइतकंच आहे.

संध्याकाळी पेतेरतिर्गुस या बाजाराजवळच्या एका खाणावळीत लिएपायास मेंत्सिन्श खाल्लं: धुरावलेला कॉड मासा, बटाटे, कांदा आणि साय, मातीच्या भांड्यात भाजलेलं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना मी वेर्पाकोव्स्किसचं नाव सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत इस्तंबूलची ती रात्र पहिल्या मिनिटापासून सांगायला घेतली. माझं भांडं गार झालं, पण मी मध्ये बोललो नाही.

जाणार असाल तर वसंतापासून शरदापर्यंत कधीही जा, लीगचे सामने तेव्हाच असतात. डाउगावावर सामना आहे का हे आधी बघून मगच बसचं तिकीट काढा, आणि जून असला तरी वारा अडवणारं जाकीट बरोबर ठेवा.