ए3 आधीची, ए1 नंतरची: दोन चिपांचा छडा लावताना

एनव्हिडियाची जीटीएक्स 480 आणि जीटीएक्स 580 ही दोन्ही जुनी ग्राफिक्स कार्डं हाताशी होती, म्हणून त्यांच्या चिपांमधला फरक स्वतः तपासायचं ठरवलं. लिनक्सवर एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं, तर 480 पुढे ‘रेव्ह ए3’ आणि 580 पुढे ‘रेव्ह ए1’. रेव्ह म्हणजे रिव्हिजन, चिपची सुधारित आवृत्ती. पहिलं कार्ड मार्च 2010 चं, दुसरं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचं. मग आकडा उलटा कसा?

हीटसिंक उतरवले, वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. चिपच्या झाकणावरची अक्षरं फिकट असतात, तिरपा उजेड टाकला की वाचता येतात. एकावर ‘जीएफ100-375-ए3’, दुसऱ्यावर ‘जीएफ110-375-ए1’. तिथे कोडं सुटलं. ही मोजणी त्या त्या चिपपुरतीच असते. चिपचं नाव बदललं की पुन्हा ए1 पासून सुरुवात.

खरी मजा पुढे आहे. एनव्हिडियाच्या या पद्धतीत आकडा वाढतो तेव्हा सहसा फक्त वरचे धातूचे थर, म्हणजे जोडण्या बदललेल्या असतात. खालचे ट्रान्झिस्टर तेच राहतात. ते बदलायचे तर अक्षर बदलावं लागतं, किंवा चिपच नवी काढावी लागते. जीएफ100 ए3 पर्यंत पोचली, तरी 480 मध्ये 512 पैकी 480 कोअरच (गणना करणारे भाग) चालू होते. जीएफ110 मध्ये ट्रान्झिस्टरच नव्याने निवडले, जिथे वेगाची निकड नाही तिथे कमी गळतीचे, म्हणजे कमी वीज वाया घालवणारे बसवले, आणि 580 मध्ये सगळे 512 चालू झाले. क्लॉक 700 वरून 772 मेगाहर्ट्झवर गेला, तरी कागदावरची वीज 250 वरून 244 वॅटवर आली. एकाच 40 नॅनोमीटर प्रक्रियेवर काही महिन्यांत हे साधणं मला फार मोठं काम वाटतं. मात्र 580 थंड राहतं याचं सगळं श्रेय चिपला देऊ नये. या कार्डाच्या कूलरमध्ये व्हेपर चेंबरही (वाफेच्या मदतीने उष्णता पसरवणारी बंद पोकळी) आहे.

हाच नियम घेऊन एएमडीच्या कार्डांकडे गेलात तर फसाल. आरएक्स 480 आणि आरएक्स 580 दोघांचा डिव्हाइस आयडी (संगणकाला दिसणारा ओळख क्रमांक) 67डीएफ; वेगळेपण रिव्हिजनमध्ये, 480 ला सी7 आणि 580 ला ई7. तिथे ती खूण धातूच्या थरांबद्दल काही सांगत नाही, कार्ड कोणतं एवढंच सांगते. शिवाय आरएक्स 480 मध्ये आरएक्स 580 चं बायोस (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) भरलेली कार्डंही फिरत असतात. त्यामुळे जुनं कार्ड घेताना मी बायोसची आवृत्तीही पाहतो आणि बोर्डावरचं लेबलही.