मार्कच्या शेवटचा ताव

बायबलच्या नव्या करारातील येशूच्या चार चरित्रांपैकी एक असलेल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या, म्हणजे शेवटच्या, अध्यायातील शेवटच्या बारा वचनांचा प्रश्न मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी त्या तासाला जाण्यापूर्वी मनात थोडी धाकधूक असते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये उपदेश करणाऱ्या, पण पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या स्त्रीपुरुषांसाठी नव्या कराराचा जो अभ्यासवर्ग आम्ही चालवतो, त्यात शेतकरी असतात, शिक्षक असतात, परिचारिका असतात, एखाददुसरे निवृत्त सरकारी नोकर असतात. ग्रीक कोणालाच येत नाही. पवित्र शास्त्र मात्र त्यांनी इतके वाचलेले असते की वचनाचा क्रमांक सांगण्यात माझी चूक झाली, तर ती दुरुस्त करायला चारपाच आवाज एकदम उठतात. अशा माणसांना, ही बारा वचने बहुधा मार्कने लिहिलेली नाहीत, असे सांगायचे म्हणजे पुरावा त्यांच्यासमोर उलगडून ठेवणे भाग असते. केवळ विद्वानांच्या नावांचा दाखला देऊन तिथे भागत नाही.

पुरावा थोडक्यात असा आहे. आठव्या वचनात तीन स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरेपासून थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत; पुढच्या बारा वचनांत पुनरुत्थित येशूची दर्शने आणि त्याने शिष्यांना दिलेली आज्ञा येते. चौथ्या शतकातील व्हॅटिकन आणि सिनाई या दोन प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखितांत मार्क इथेच संपतो. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठात अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस यांना १८९२ साली सापडलेल्या जुन्या सिरियाक हस्तलिखितातही तो इथेच संपतो. कैसरियाचा बिशप युसेबियस चौथ्या शतकात नोंदवतो की, अचूक मानल्या जाणाऱ्या प्रतींत या वचनानंतर मजकूर नाही. दुसऱ्या बाजूला, मार्कच्या सोळाशेहून अधिक ग्रीक प्रतींत ही बारा वचने आहेत आणि इ. स. १८०च्या सुमारास लिहिणारा बिशप इरेनियस त्यांतले एकोणिसावे वचन मार्कचे म्हणून उद्धृत करतो. म्हणजे ही वचने उशिराची असली, तरी फार उशिराची नाहीत. दुसऱ्या शतकात ती प्रचारात होती. हा दुसरा भाग अनेक लेखक घाईने उरकतात, आणि मला ते अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्या दिवशी मी सिनाई हस्तलिखिताची दोन पृष्ठे मोठ्या कागदावर छापून आणली होती. या हस्तलिखिताची पाने आज लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द सिनाईचा मठ अशा चार ठिकाणी विखुरलेली आहेत. सोव्हिएत सरकारने १९३३ साली एक लाख पौंडांना विकलेला सर्वांत मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चारही संस्थांनी मिळून काढलेली छायाचित्रे २००९पासून कोणालाही मोफत पाहता येतात. प्रत्येक पृष्ठावर चार अरुंद रकाने आणि रकान्यात अठ्ठेचाळीस ओळी, अशी या ग्रंथाची मांडणी आहे. मार्क जिथे संपतो त्या पृष्ठावर पहिल्या रकान्यातला मजकूर दुसऱ्या रकान्यात जेमतेम काही ओळी उतरतो, त्याखाली नक्षी आणि ग्रंथाचे नाव येते, उरलेला रकाना मोकळा राहतो आणि तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर लूकचे शुभवर्तमान सुरू होते. मजकूर आठव्या वचनाशी कसा थांबतो, एवढेच दाखवण्याचा माझा बेत होता. तुलनेसाठी म्हणून आधीच्या भागातले एक पृष्ठ जोडले होते.

वर्गात एक निवृत्त तलाठी होते. गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, तसे वर्गही त्यांना भाऊसाहेब म्हणत असे. मी युसेबियसबद्दल बोलत होते आणि त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. चष्मा कपाळावर चढवून, दोन्ही कागद खिडकीजवळ धरून ते एकदा या कागदाकडे आणि एकदा त्या कागदाकडे पाहत होते. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी विचारले, “मॅडम, हा ताव मागाहून बसवलेला आहे का?”

मी अवाक् झाले. याबद्दल मी तोवर एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर या वर्गासाठी तो तपशील फार बारीक म्हणून गाळायचे ठरवले होते. कशावरून म्हणता, असे विचारल्यावर त्यांनी माझ्याच कागदावर बोट ठेवले. “रकाना तेवढाच, ओळी तेवढ्याच. पण इथं हा माणूस अक्षरं ताणतोय आणि शेजारच्या रकान्यात दाबतोय. ज्याला कोरी वही मिळते तो असं लिहीत नाही. ज्याला मागचं आणि पुढचं जुळवून द्यायचं असतं, तो असं लिहितो.” मग ते वर्गाकडे वळून सांगू लागले, की फेरफार नोंदवहीतले मधले पान कोणी बदलले, तर शाई आणि कागद हुबेहूब मिळवता येतात, पण आधीच्या पानाची शेवटची ओळ आणि नंतरच्या पानाची पहिली ओळ हलवता येत नाही, त्यामुळे बदलणाऱ्याची सगळी ओढाताण मधल्या मजकुराच्या विरळ-दाट लिखाणात उतरते. ग्रीकचे एक अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने हे केवळ नजरेने टिपले होते.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. हे हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणणाऱ्या टिशेनडॉर्फच्याही लक्षात आले होते की हा ताव मूळ लेखनिकाचा नाही. १९३८ साली ब्रिटिश म्युझियममधील मिल्न आणि स्कीट या दोघांनी ग्रंथाच्या लेखनिकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. या हस्तलिखितातल्या नव्या कराराचा बहुतेक भाग ज्याच्या हातचा आहे, त्या लेखनिकाला ‘अ’ म्हणतात. हा ताव ‘ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शुद्धलेखनात अधिक काटेकोर असलेल्या दुसऱ्या लेखनिकाने नव्याने लिहिलेला आहे. दुमडून एकत्र शिवलेल्या तावांच्या जुडग्याच्या अगदी मधला हा ताव दुमडला की त्याची चार सलग पृष्ठे, म्हणजे सोळा रकाने होतात, आणि त्यांवर मार्कच्या चौदाव्या अध्यायातील चोपन्नाव्या वचनापासून लूकच्या पहिल्या अध्यायातील छपन्नाव्या वचनापर्यंतचा मजकूर आहे.

हे मी सांगताच वर्गात जी कुजबूज सुरू झाली तिचा अर्थ माझ्या लगेच ध्यानात आला. मार्कचा शेवट ज्या तावावर आहे नेमका तोच ताव बदललेला आहे, मग काढून टाकलेल्या तावावर ती बारा वचने होती आणि कोणीतरी ती मुद्दाम उडवली, असे का म्हणू नये? पुढच्या बाकावरच्या एका तरुण उपदेशकाने ते उघड बोलूनही दाखवले. बारा वचनांच्या समर्थकांनी हा मुद्दा एकोणिसाव्या शतकापासून मांडलेला आहे आणि तो मुळीच मूर्खपणाचा नाही.

“थांबा,” भाऊसाहेब म्हणाले, “आधी मोजू या.”

पुढचा बराच वेळ आम्ही अक्षरे मोजण्यात घालवला. अभ्यासक्रमात तसे काहीही नव्हते. त्या दिवशीचा दुसरा विषय अर्थातच राहून गेला. साधारण रकान्यात सहाशेच्या थोडी वर अक्षरे बसतात. बारा वचनांची ग्रीक अक्षरे हजाराच्या आसपास भरतात, म्हणजे ती दीड रकान्याहून अधिक जागा घेणार. तावाची सुरुवात आणि शेवट पक्के आहेत. बारा वचने उडवली असती, तर ‘ड’च्या हाती दीड रकाना जादा जागा आली असती आणि सगळाच मजकूर सैल पडायला हवा होता. प्रत्यक्षात लूकचे सहा रकाने दाटीवाटीने लिहिलेले आहेत. भाऊसाहेबांनी निष्कर्ष काढला तो असा, की भानगड मार्कमध्ये नाही, लूकमध्ये आहे. तिथे पहिल्या लेखनिकाच्या हातून काही मजकूर सुटला असावा आणि तो बसवण्यासाठी ताव बदलावा लागला असावा. मिल्न आणि स्कीट यांचाही कौल जवळपास हाच होता, आणि मूळ तावावर बारा वचनांना जागा नव्हती असेच त्यांचे मत पडले. मार्कच्या शेवटी अक्षरे ताणण्याचे कारण मग सरळ दिसते: लूक अकराव्या रकान्यापासून सुरू करायचा ठरला होता, आणि न ताणता लिहिले असते तर मार्क नवव्या रकान्यातच संपून दहावा संपूर्ण कोरा राहिला असता.

तो कोरा रकाना लेखनिकाला इतका का खुपावा, यावर मात्र मतभेद आहेत. व्हॅटिकनच्या हस्तलिखितात मार्कनंतर खरोखरच एक पूर्ण रकाना कोरा सोडलेला आहे. तिथे एक पुस्तक संपले की पुढचे पुस्तक लगतच्या रकान्यापासून सुरू करण्याची रीत असताना, नव्या करारात फक्त इथे ती मोडली आहे. आठव्या वचनानंतर काही प्रतींत आणखी मजकूर असतो हे त्या लेखनिकाला ठाऊक असावे, असे अनेकांना वाटते, आणि मलाही वाटते. सिनाईच्या ‘ड’लाही ते ठाऊक होते आणि म्हणूनच त्याने तशी मोकळी जागा दिसू दिली नाही, असा तर्क करता येतो, पण तो तर्कच आहे, आणि वर्गात मी तो तेवढाच मानून मांडला.

तरुण उपदेशकाचे समाधान झाले नव्हते, कारण त्याचा प्रश्न मुळात अक्षरांचा नव्हता. तो डोंगराळ भागातला. त्याच्या मंडळीत, विश्वास ठेवणारे सर्प उचलतील आणि प्राणघातक काही प्याले तरी त्यांना बाधणार नाही, हे अठरावे वचन प्रार्थनासभांतून वारंवार ऐकू येते. जिथे पावसाळ्यात साप अंगणात येतो आणि ग्रामीण रुग्णालय लांब असते, तिथे या वचनाला काय वजन येते ते मला शहरात बसून सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकेत याच वचनाच्या आधारे उपासनेत विषारी साप हाताळण्याची प्रथा पसरवणारा जॉर्ज हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच मरण पावला, हे मी सांगितले, आणि ते सांगून फारसे काही साधले नाही, हेही नोंदवते. तरुण उपदेशकाने उलट विचारले, “मग हे वचन आलं कुठून?”

त्याचे उत्तर पुस्तकातच होते आणि ते शोधण्याचे काम मी वर्गावर सोपवले, कारण त्यांना मराठी पवित्र शास्त्र माझ्यापेक्षा तोंडपाठ होते. मग्दालीया मरीयेला एकटीला झालेले दर्शन योहानाच्या विसाव्या अध्यायात सापडले. रानाकडे चाललेल्या दोघांचे दर्शन लूकच्या चोविसाव्यात. सर्व जगात जाण्याची आज्ञा मत्तयाच्या अठ्ठाविसाव्याच्या जवळची निघाली. सापाची जागा एका परिचारिकाताईंनी काढली: प्रेषितांची कृत्ये, अठ्ठाविसावा अध्याय, माल्टा बेटावर पौलाच्या हाताला डसलेला साप. विषाचा प्याला नव्या करारात कुठेच नाही; पण युस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बर्सबाने विष पिऊनही त्याला काही झाले नाही, ही कथा दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक पापियसने नोंदवली होती आणि ती युसेबियसमुळे आपल्यापर्यंत आली आहे. बारा वचनांचा कर्ता इतर शुभवर्तमाने जाणणारा, त्यांचा सारांश जुळवणारा कोणीतरी होता, हे माझ्या व्याख्यानापेक्षा त्या शोधाशोधीने अधिक पटले असावे. त्यातच ताईंच्या नजरेला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मग्दालीया मरीयेचे नाव मार्कने नुकतेच तीनदा घेतलेले असताना नवव्या वचनात, जिच्यातून सात भुते काढली होती ती, अशी तिची ओळख नव्याने करून दिली आहे. एकाच हाताने सलग लिहिताना असे सहसा होत नाही.

ही वचने पवित्र शास्त्रातून काढायची का, हा प्रश्न येणारच होता. मी सांगितले की मूळ कर्ता कोण हा एक प्रश्न आहे आणि मंडळीने काय स्वीकारले हा दुसरा. शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ तयार करणाऱ्या जेरोमला पाचव्या शतकाच्या आरंभी ठाऊक होते की बहुतेक ग्रीक प्रतींत ही वचने नाहीत, तरी त्याच्या लॅटिन शुभवर्तमानांत ती राहिली. आजच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत ती दुहेरी कंसात छापतात, वगळत नाहीत. हे मला योग्य वाटते. पण साप चावलेल्या माणसाला आधी रुग्णालयात न्यायचे की आधी प्रार्थनेला बसवायचे, याचा निर्णय या वचनावर सोडणे मला मूळ मजकूर कोणता हे ठरवणाऱ्या कोणत्याही पाठचिकित्सेशिवायदेखील मान्य नसते, आणि तेही मी त्याच स्वरात सांगितले. तरुण उपदेशक काही बोलला नाही. तासानंतर मात्र त्याने दोन्ही छापील कागद मागून घेतले.

भाऊसाहेबांचे आणि माझे मतभेद झाले ते अगदी शेवटी. माझे मत असे की मार्कने जाणूनबुजून आठव्या वचनाशी लेखणी ठेवली. कबरेतील तरुणाच्या तोंडी गालीलात भेटीचे आश्वासन आलेले आहे आणि वाचकाने ते धरून पुढे जायचे आहे. भाऊसाहेबांना हे पटेना. दप्तरात सर्वांत आधी फाटते ते शेवटचे पान, असा त्यांचा तीस-चाळीस वर्षांचा अनुभव होता, आणि मार्कचेही शेवटचे पान गेले असणार असा त्यांचा आग्रह होता. थोर विद्वानांतही या मताचे लोक आहेत. मी म्हटले की पहिली प्रत गुंडाळी असेल तर नीट गुंडाळल्यावर शेवट आत सुरक्षित राहतो. त्यावर ते म्हणाले, “वाचून झाल्यावर उलटी गुंडाळणारे किती असतात, मॅडम?”

तेव्हा मी मत्तय आणि लूक पुढे केले. दोघांनीही मार्कचा आधार घेतला आहे, कबरेपर्यंत दोघे मार्कच्या बरोबरीने चालतात आणि आठव्या वचनानंतर दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात, म्हणजे त्यांच्या हातातल्या मार्कच्या प्रतीही तिथेच संपत असल्या पाहिजेत. भाऊसाहेबांनी शास्त्र उघडून मत्तयाचा शेवट आणि लूकचा शेवट शेजारी ठेवून वाचला, बराच वेळ वाचला, आणि मग मान डोलावून म्हणाले, “बरोबर आहे. म्हणजे पान त्यांच्याही आधीच गेलं होतं.”