पडद्यावरच्या बंदुका : वही दुसरी, पावसाळ्यातली भर

जून-जुलैत आमच्या देवगडकडे होड्या वर ओढलेल्या असतात, आंब्याचा हिशेब मिटलेला असतो, आणि संध्याकाळी वीज असली तर सिनेमा, नसली तर ओटीवर गप्पा. सिनेमात दिसणारी बंदूक नेमकी कोणती ते ओळखून मी एका वहीत लिहितो; या दोन महिन्यांत ती बरीच पुढे सरकली. मागच्या वेळी 38 बंदुका ओळखून झाल्या होत्या, आज 61 आहेत. पण त्यातल्या लाकडी रायफलींच्या 14 नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि त्या 14 मध्ये एकच चूक चौदा वेळा केलेली आहे.

आपल्याकडच्या सिनेमात पोलीस, दरवान, संस्थानाचा शिपाई, कोणाच्याही खांद्यावर जी लाकडी रायफल दिसते तिला मी डोळे झाकून '.303 ली-एनफिल्ड' (इंग्रजांच्या फौजेची रायफल) लिहीत होतो. खूण म्हणून फक्त नळीचं तोंड बघायचो. एसएमएलई म्हणजे ली-एनफिल्डचा जुना आखूड प्रकार, तिचं तोंड चपटं, बोथट. नळी पुढच्या लोखंडी टोपणाशी जवळपास सपाट. नंतरच्या नंबर 4 प्रकारात नळी चांगली बोटभर पुढे आलेली. एवढं जमलं की मी खूश.

मग शेजारचे तात्या बघायला बसले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. स्वातंत्र्यलढ्यावरची एक मालिका चालू होती, प्रसंग 1942 चा. मी थाटात म्हटलं, "एसएमएलई." तात्यांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली.

"झिला, थांबव ता. ही थ्री-नॉट-थ्री नाय. डबो बघ तिचो."

डबा म्हणजे मॅगझिन, काडतुसं राहतात तो. चित्र थांबवून मोठं केलं. .303 चा डबा खालून तिरका असतो, हा सरळ चौकोनी. म्हणजे ही बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची 2ए1 रायफल, काडतूस 7.62 मिमीचं, डब्यात 10 ऐवजी 12 काडतुसं. दिसायला तोंड अगदी एसएमएलईसारखंच, म्हणून मी फसत आलो. 1962 च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात ही घराणं बदललेली बहीण तयार झाली. 1942 च्या गोऱ्या सोजिराच्या हातात ती येणार कुठून? वस्तू पुरवणाऱ्याकडे जी होती ती दिली, एवढंच. परदेशी सिनेमेही काही वेगळे नाहीत. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (1981) ची गोष्ट 1936 ची, आणि जर्मनांच्या हातात 1940 ची सबमशीनगन एमपी 40. चार वर्षं आधीच पोचलेली!

त्या रात्री जुन्या नोंदी काढून बसलो. 14 पैकी 9 ठिकाणी चौकोनी डबा निघाला. तीन ठिकाणी शिपायाचा हातच डब्यावर होता, तिथे आता प्रश्नचिन्ह. दोनच खऱ्या .303.

दुसरा धडाही तात्यांच्याच घरचा. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, वडिलांपासून आलेली. वानर आणि डुकरं यांच्यासाठी. हल्ली तिचा मुख्य प्रवास निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणं आणि परत येणं. 1857 वरचा एक सिनेमा बघताना शिपाई इतक्या झपाट्याने बार काढत होता की मला शंका आली. तात्यांना म्हटलं, नुसती नक्कल करून दाखवा, दारू नको. त्यांनी रिकाम्या बंदुकीवर सगळं केलं. दारू ओतल्यासारखं, काथ्याचा बोळा, गज काढून ठासणं, गज परत जागेवर, घोडा अर्धा चढवून केप बसवणं, मग पूर्ण घोडा. मी घड्याळ धरलं होतं, 52 सेकंद. वय आणि गुडघा वजा करा. त्या काळची ठासणीची रायफल, पॅटर्न 1853 एनफिल्ड, चालवणारा तयार शिपाई कागदी काडतूस दाताने फाडून मिनिटाला तीनेक बार काढायचा. माझ्या सिनेमातल्या शिपायाने मिनिटाला सात काढले, आणि गज एकदाही हलला नाही.

तेव्हापासून वहीत नवा रकाना आहे : 'हात'. नट भरताना काय करतो. बंदूक नकली असू शकते, कोन वाईट असू शकतो, पण भरायची पद्धत बघितली तर निदान घराणं कळतं. मधून मोडून उघडते की डबा निघतो की (रिव्हॉल्व्हरचं) गोळ्यांचं चक्र बाजूला येतं.

या रकान्यातच एक जुना राग नोंदवून ठेवतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर. चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते, धूर-आवाज तिथूनच बाहेर, पुढे नळकांडं लावून उपयोग काय? प्रसिद्ध अपवाद म्हणजे रशियाची रिव्हॉल्व्हर नागां 1895 : घोडा चढवला की तिचं चक्र पुढे सरकून फट बुजवतं. आपल्या खलनायकाकडे मात्र ती कधीच नसते.

एके मंडळींचं थोडक्यात. माझ्या वहीत 'एके-47' म्हणून सहा नोंदी होत्या. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरायची खूण, बघा. तिच्याभोवती पूर्ण बंद कडं असेल तर चिनी टाइप 56, दोन कान वर उघडे असतील तर रशियन घराणं. मग डब्याच्या वरचा पत्रा : छोटीशी खळी असेल तर एकेएम (47 ची नंतरची आवृत्ती), लांबट खाच असेल तर जुनी घडीव एके-47. सहापैकी एकही खरी 47 निघाली नाही. दोन तर लाकडाच्या होत्या, पळताना नटाच्या पाठीवर हलक्या फुलासारख्या उडत होत्या.

अडलंय ते वेब्ली या इंग्रजी रिव्हॉल्व्हरपाशी. मधून मोडणारी .38 ची वेब्ली मार्क 4 आणि एनफिल्ड नंबर 2 मला अजून दुरून वेगळ्या काढता येत नाहीत. घोड्याला मागे शेपूट नसेल तर ती एनफिल्डची नंबर 2, एवढंच लिहितो. शेपूट असेल तर पेन्सिलीने. पेन्सिलीच्या नोंदी सध्या आठ आहेत. कोणाकडे दोन्हींचे डाव्या बाजूचे स्वच्छ फोटो असतील तर पाठवा. तात्यांचं मत विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेबाच्या कमरेक होती, माका कोण दाखवणार?"