सरांनी विचारलं नाही

सॉफ्टबॉलचा सामना दुपारीच संपला. सर होम प्लेटमागचे अंपायर, मी बेस अंपायर. तरी तो होमवरचा टॅग (चेंडू घट्ट धरून धावणारीला लावून बाद करणं) अजून डोक्यातून जात नाहीये.

सहावी इनिंग, दोन आऊट, दुसऱ्या बेसवर रनर, ती होमला पोचली तर रन. हिट लेफ्ट फील्डला गेला. मी आधी बॅटर-रनरकडे पाहिलं, कारण ते माझं काम. ती पहिल्या बेसवर थांबली, तशी नजर होमकडे वळवली. कॅचरने थ्रो घेतला, स्लाइड करणाऱ्या मुलीला टॅग लावला आणि त्याच धक्क्याने चेंडू मिटमधून (तिच्या ग्लोव्हमधून) निसटून माझ्या बाजूला पडला. कॅचरने तो झटकन हाताने उचलून वर दाखवला. सर तिच्या पाठीमागे. त्यांना उचललेला चेंडू दिसला, पडलेला दिसला नाही. मूठ वर गेली. आऊट.

कोच आत आले. आरडाओरडा नाही, सरळ विनंती. "सर, एकदा बेस अंपायरना विचारता का?" सामन्याआधी आमचं ठरलेलं असतं: सांगण्यासारखं काही दिसलं असेल तर टोपीला हात. माझा हात टोपीलाच होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कोचना म्हणाले, "माझा कॉल आहे."

नियमाने ते बरोबरच आहेत. दुसऱ्या अंपायरचा निर्णय मी फिरवू शकत नाही. ज्याचा कॉल त्याने विचारलं तर मत द्यायचं, आणि शेवटचा शब्द त्याचाच. सेफ की आऊट यावर प्रोटेस्टही (अधिकृत तक्रार) चालत नाही. नियमाचा अर्थ चुकीचा लावला तरच चालतो. म्हणजे त्या कोचकडे विनंतीशिवाय काहीच नव्हतं. म्हणून जास्त लागतंय. की मला विचारलं नाही म्हणून लागतंय? खरं तर तेच.

त्याच सामन्यात चेक स्विंगला (बॅटरने अर्ध्यात थांबवलेला फटका) सरांनी मला विचारलं होतं. कॅचरने बोट दाखवलं, सरांनी मास्क काढून माझ्याकडे हात केला, मी मूठ दाखवली, स्ट्राइक. कुणाला काही वाटलं नाही. एका स्ट्राइकसाठी माझे डोळे चालतात आणि रनसाठी चालत नाहीत? साठ फुटांवर बेस असतात या खेळात, मी काही दुसऱ्या गावात उभा नव्हतो. इतकी वर्षं आम्ही एकत्र उभे राहतोय. परत येताना गाडीत सर प्रवासभत्त्याच्या फॉर्मबद्दल बोलत होते आणि मी हूं हूं करत होतो.

ती मुलगी उठून कपडे झटकताना माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं. जाऊ दे.

जेवण झाल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या बेसवर फर्स्ट बेसमनचा पाय सुटला की नाही ही शंका आली, की मी सरांना विचारतो. पण कॉल देण्याआधी विचारतो. ते उत्तर देतात आणि मग माझा हात उठतो. चेक स्विंगलाही आधी प्रश्न, मग स्ट्राइक. आज मूठ आधी वर गेली. त्यानंतर दोन्ही डगआऊटमध्ये बसलेले संघ बघतायत, पालक ओरडतायत, छातीवर प्रोटेक्टर, वर ऊन, आणि अशा वेळी चार पावलं चालत येऊन "तुला काय दिसलं?" म्हणायचं. नियमात ते एका ओळीत लिहिलेलं आहे, मैदानात किती जड जात असेल. सरांनी मला टाळलं असं मी दिवसभर धरून बसलो होतो. कदाचित त्यांना फक्त तिथून हलता आलं नाही. राग पूर्ण गेलेला नाही, पण आता सरांवर तितकासा नाही.

पुढच्या रविवारी प्लेटला मी आहे, सर बेसवर. सामन्याआधीच्या बोलण्यात टोपीची खूण राहू दे, पण एक भर घालायची आहे: होमवर टॅग झाला की आधी चेंडू कुठे आहे ते बघायचं, मग जोडीदाराकडे, आणि हात त्यानंतर. अर्धा सेकंद उशीर झाला तर लोक ओरडतील, ओरडू देत. आणि शंका राहिलीच, तर डगआऊटपासून लांब जाऊन दोघांनीच बोलायचं, कोचना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि बदललेला कॉल मीच जाहीर करायचा. सरांना उद्या फोन करतो. आजच्या टॅगबद्दलही त्यांनी विचारलं तर सांगेन.