माळावरचे डोळे

सोलापूरकराला झाडांच्या गर्दीची सवय नसते. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, तोही स्वतःच्या मर्जीने. शहर संपलं की माळ लागतो आणि नजर थेट आभाळाच्या कडेला जाऊन टेकते. सोलापूरजवळच्या नान्नजला काळवीट बघायला फार खटपट लागत नाही. गाडी थांबवायची, गवतावरून नजर फिरवायची, की शिंगं दिसतात. त्याने आपल्याला आधीच पाहिलेलं असतं. लांबवरचं दिसणं हाच तिथे त्याचा बचाव.

असे डोळे घेऊन आम्ही पावसाळा सरता सरता भीमाशंकरला गेलो, खांडसवरून, गणेश घाटाने. शिडी घाट जवळचा खरा, पण ओल्या कातळावर उगाच मर्दुमकी कशाला? वर रान लागलं आणि दिसायचं बंद झालं. पानं, शेवाळ, धुकं, पुन्हा पानं. मित्र वैतागला, "काय बी दिसंना की बे! एवढ्यात नान्नजला धा काळवीट झाले असते." त्यात घरून नेलेल्या कडक भाकऱ्या सादळल्या. आठवडेच्या आठवडे टिकणारी भाकरी अर्ध्या दिवसात पापडाच्या लाटीसारखी लुळी पडली. शेंगाचटणीने तेवढी आमची लाज राखली.

बरोबरचे वाटाडे मामा गालात हसत होते. "पाव्हणं, वर काय बघताय? आधी खाली बघा." एका झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं पडली होती, ताजी. मग त्यांनी आम्हाला गप्प उभं केलं. वर फांदी खसखसली, मग एक खडखडाट कानावर आला, आणि बऱ्याच वेळाने तांबूस, झुबकेदार शेपूट दिसली. शेकरू, झाडावरची मोठी खार! आमची चाहूल लागताच ते पळालं नाही, खोडाला चिकटून निपचित पडून राहिलं. माळावरचा प्राणी धूम ठोकतो, रानातला बेमालूम गायब होतो. शेकरासाठी १९८५ साली हे अभयारण्य झालं. ते शक्यतो जमिनीवर उतरतच नाही, फांदीवरून फांदीवर लांब झेप घेतं.

आणि आमचा माळढोक पक्षी? त्याच्या पायाला मागचं बोटच नाही, त्यामुळे त्याला फांदी पकडता येत नाही. बसायचं ते जमिनीवरच. त्याच्यासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, म्हणजे शेकराच्या आधीचं. तरी 'जंगल बघायला जातो' म्हणताना आपल्याला सह्याद्रीच आठवतो. गवताळ रानाला आपण पडीक म्हणतो आणि तिथे झाडं लावायला निघतो. झाडं लावून माळढोकाचं घर मोडतं, हे कोणाच्या गावी नसतं. आता तो दिसला तर नशीबच म्हणायचं.

देवळाजवळ भीमेचा उगम आहे. मित्र तिथे बराच वेळ उभा राहिला. नळाच्या पाण्याची वाट बघत वाढलेला माणूस तो.

"मामा, हेच पाणी आमच्या उजनी धरणात येतंय व्हय?"

"येतंय की. पण मधी पुण्याचंबी मिसळतंय ना."

मित्राने मुकाट्याने सॅकमधल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या बाहेर काढल्या आणि पाणी कुठे भरायचं ते मामांना विचारलं.